धुळाप्पाच्या पाठीची माती

सोलापूरच्या उन्हाळ्यात घोंगडीच्या दुकानाकडं कुत्रंसुद्धा फिरकत नाही. मायाप्पाला त्याचं दुःख नसे. गिऱ्हाईक नाही म्हटलं की तो गादीमागचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढं ओढायचा, एक काळी घोंगडी समोर अंथरायचा आणि तिच्यावर कुस्त्यांचं मैदान भरवायचा. पैलवान काडेपेटीएवढे, पुठ्ठ्याचे. दोघांना समोरासमोर ठेवून जोड लावायची, तोंडानं हलगी वाजवायची आणि मग कुणी कुणाचा पट काढला, कुणी कुणाला कसं लोळवलं, हे रंगवून सांगायचं. ऐकायला शेजारचा कल्हईवाला असे. तो डोळे मिटून ऐके आणि अधूनमधून घोरे.

हे पैलवान मायाप्पाकडं आले ते विडीच्या बंडलातून. बहात्तरच्या दुष्काळात लोकांच्या पोटात अन्न जाईना, तेव्हा ‘हलगी छाप’ विडीच्या मालकाला लोकांच्या पोटात धूर कसा जाईल याची काळजी लागली. त्यानं प्रत्येक बंडलात एकेका पैलवानाचं चित्र घालायला सुरुवात केली. लंगोट, पिळदार दंड, खांद्यावर गदा. खाली नाव, गाव आणि एखादी भारदस्त पदवी. पाठीमागं ‘हलगी छाप ओढा, अंगात रग आणा’ अशी जाहिरात. विडी ओढून कुणाच्या अंगात रग आल्याचं ऐकिवात नाही, पण चित्रं झकास होती. लोक विडी ओढायचे आणि चित्र गटारात टाकायचे. मायाप्पाचं सगळं उलटं. त्यानं जन्मात विडीला तोंड लावलं नव्हतं. तो बंडल फोडायचा, चित्र काढून घ्यायचा आणि विड्या वाटून टाकायचा.

त्यामुळं मायाप्पाच्या दारात विड्यांचं सदावर्तच सुरू झालं. गल्लीतले म्हातारे सकाळी देवदर्शनाला म्हणून निघत आणि त्याच्या ओट्यावर येऊन टेकत. कल्हईवाल्याचा खोकला वाढला तो याच पुण्याईनं. तरीही उरलेल्या विड्या मायाप्पाची बायको केराबाई ज्वारीच्या कणगीत टाकायची, कीड लागत नाही म्हणून. भाकरीला तंबाखूचा वास येतो अशी कुरकूर पोरीनं, वच्छलानं, केली तेव्हा केराबाई म्हणाली, “येऊ दे वास. तुज्या बाच्या नादाचा तेवडाच उपेग हाय.”

कंपनीनं दोन वर्षांनी चित्रं बंद केली, तोवर मायाप्पाचा संच भरला होता. त्यासाठी त्यानं गिऱ्हाइकांनाही कामाला लावलं. घोंगडी घ्यायला मोडनिंब, माळशिरस, अक्कलकोट, कुठून कुठून माणसं येत. पुढच्या खेपेला येताना कुणाचं चित्र आणायचं हे मायाप्पा त्यांना बजावून सांगे, आणि आणलं तर घोंगडी अशी काही स्वस्तात देई की घरात दोन दिवस केराबाईची भांडी आदळत.

चित्रात जे नव्हतं ते मायाप्पाच्या डोक्यात होतं. दुकान टाकायच्या आधी ऐन जवानीत तो मंद्रूपहून खांद्यावर घोंगड्या टाकून जत्रा फिरला होता, आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच. ‘काळा वाघ’ म्हणून छापलेला पैलवान प्रत्यक्षात दह्यासारखा गोरा होता, हे त्याला ठाऊक होतं. मोडनिंबचा एक पैलवान तांब्याभर ताक प्याल्याशिवाय आखाड्यात उतरत नसे, आणि एकदा कुणीतरी ताकात मीठ जास्त घातलं तर कुस्ती अर्ध्यात टाकून पाण्याला पळाला होता. अक्कलकोटकडचा ईरप्पा सलामी झाली की समोरच्याच्या कानात कानडीतून गोड आवाजात काहीतरी बोलायचा. तो काय म्हणाला याचा विचार करेपर्यंत समोरचा आभाळ बघत पडलेला असे. ईरप्पा फक्त घरच्यांची खुशाली विचारतो, हे पुष्कळ वर्षांनी मायाप्पाला कळलं.

एवढं ठाऊक असणं वाईट नव्हे. पण मायाप्पाची खोड अशी, की कुस्तीबद्दल कुणी चुकीचं बोललं तर त्याच्या जिभेला खाज सुटे आणि ते दुरुस्त केल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. एका नामांकित पैलवानाच्या दहाव्याला कुणीतरी गहिवरून म्हणालं, “हा मर्द जन्मात कधी पडला न्हाय.” सगळ्यांनी डोळ्यांना उपरणी लावली. मायाप्पा उभा राहिला आणि मयत कुठंकुठं, कुणाकडून आणि कुठल्या डावावर पडला होता ते सांगून खाली बसला. त्या दिवशी कावळ्यालाही पिंडाला शिवायला वेळ लागला, त्याचं खापर गावानं मायाप्पावर फोडलं.

हे एक वेळ चाललं असतं. पण वच्छलाला पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाचे चुलते पोहे खाता खाता म्हणाले, की मोडनिंबच्या त्या ताकवाल्या पैलवानाशी आपण कुस्ती बरोबरीत सोडवली होती. मायाप्पानं विचारलं, “कुटल्या साली?” चुलत्यांनी साल सांगितलं. मायाप्पा म्हणाला, “त्या साली त्यो काविळीनं घरात झोपून हुता की.” स्थळ मोडलं. वच्छलानं महिनाभर बापाच्या ताटात मीठ वाढलं नाही.

आता मायाप्पाच्या डब्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सगळ्या चित्रांत एक पुठ्ठा कोरा होता. तो विडीवाल्याचा नव्हता. मायाप्पानं स्वतः कात्रीनं त्याच मापाचा कापून, माळशिरसच्या धुळाप्पाच्या चित्राला लागून ठेवला होता. धुळाप्पाच्या चित्राखाली ‘अजिंक्य’ असं छापलं होतं, आणि तो शब्द मायाप्पाच्या डोळ्यात गेली चार वर्षं कुसळासारखा सलत होता.

गोष्ट अशी, की वीसेक वर्षांपूर्वी माळशिरसच्या जत्रेत धुळाप्पाची कुस्ती लागली होती मंद्रूपकडच्या बिरप्पाशी. बिरप्पा मेंढरं राखणारा, त्याला कोण ओळखतो? मैदान तुडुंब भरलेलं. मायाप्पाला बसायला जागा मिळाली नाही म्हणून तो घोंगड्यांच्या गठ्ठ्यासकट पश्चिमेच्या लिंबावर चढून बसला होता. कुस्ती ऐन रंगात आली आणि वावटळ उठली. पंचांनी डोळे मिटले, लोकांनी तोंडावर धोतरं घेतली. झाडावरच्या मायाप्पाला मात्र धुळीच्या वरून स्वच्छ दिसलं. बिरप्पा खाली वाकला, धुळाप्पाचा दंड मानेवरून ओढून, मांडीत हात घालून त्याला खांद्यावर घेतला आणि पलीकडं टाकला. कलाजंग. धुळाप्पाचे दोन्ही खांदे मातीला लागले. पण टाकण्याचा जोरच इतका, की दोघं तसेच लोळले, आणि धूळ बसली तेव्हा धुळाप्पा वर होता आणि बिरप्पा खाली. पंचांनी जे दिसलं त्याचा निकाल दिला. गावानं आपला पैलवान खांद्यावर घेतला, हलग्या कडाडल्या. झाडावरून मायाप्पा बोंबलून सांगत होता, “धुळाप्पा पडला, म्या बगितलं.” लोक म्हणाले, आपल्याकडचा गडी हरला म्हणून हा जळतोय. त्याला पाय धरून खाली ओढला. बिरप्पानं अंग झाडलं, मेंढरं वाट बघत असतील म्हणाला आणि चालू लागला. विडीवाल्यानं त्याचं चित्र काढलं नाही ते नाहीच.

तेव्हापासून मायाप्पा ही कुस्ती भेटेल त्याला सांगत आला आणि आजवर कुणालाही ती पटली नाही. कल्हईवाल्यानं तर ती इतक्यांदा ऐकली होती, की हल्ली तो वावटळीपाशीच झोपी जायचा. गेल्या चैत्रात मात्र एक तरणा पोरगा दुकानात आला, दुपारभर बसला, ती कुस्ती मन लावून ऐकली, लिंब कुठल्या बाजूला होता तेसुद्धा विचारलं आणि भर उन्हाळ्यात घोंगडी घेऊन गेला. वच्छला बापाची भाकरी घेऊन आली तेव्हा तो उठायच्या बेतात होता, तिला बघून परत बसला. घोंगडी दाखवता दाखवता मायाप्पाच्या हे ध्यानात आलं नाही. त्याला इतका चांगला श्रोता कधी मिळाला नव्हता.

महिन्याभरानं वच्छलाला दुसरं स्थळ सांगून आलं. मुलगा बाळासो, एस.टी.त कंडक्टर. निर्व्यसनी, नाकासमोर चालणारा. मुलाच्या बापाचं नाव ऐकलं आणि मायाप्पाचा हात कपाळाला गेला. बाप होता माळशिरसचा धुळाप्पा.

केराबाई देवघरापुढं गेली. कोनाड्यातल्या बिरोबापुढच्या वाटीतला भंडारा, म्हणजे देवाची हळद, तिनं चिमटीत घेतला आणि नवऱ्याच्या तळव्यावर ठेवला.

“पाव्हणं उंबऱ्याभाईर पडूस्तवर कुस्तीचा एक सबुद तोंडातनं काडायचा न्हाय. म्हना.”

“आन त्येनंच विषय काडला तर?”

“तर शेंगापोळी खावा. लई केल्यात म्या.”

वच्छला दारात उभी होती. “अण्णा,” ती म्हणाली, “हे तरी टिकू द्या.” मायाप्पानं पोरीकडं बघितलं. तिनं कधी काही मागितलं नव्हतं, मीठ बंद केलं तेव्हासुद्धा भांडली नव्हती.  त्यानं भंडारा कपाळाला लावला आणि शपथ घेतली. भंडाऱ्याची शपथ म्हणजे गंमत नव्हे. त्याच्या चुलत्यानं ती मोडली होती आणि पुढच्या पावसाळ्यात कळपातलं एक मेंढरू शिल्लक राहिलं नव्हतं. घालणाऱ्यालाही ती मागं घेता येत नाही.

पाहुणे आले तेव्हा ऊन कललं होतं. दुकानामागच्या अंगणात केराबाईनं सडा घातला होता आणि ओसरीवर घोंगड्या अंथरल्या होत्या. पुढं धुळाप्पा आला. वीस वर्षांत त्याची छाती पोटात उतरली होती, पण कान तेच, कुस्त्यांत चेंगरून चपटे झालेले. मागं त्याची बायको बजाबाई. आणि तिच्यामागं मान खाली घालून चैत्रात घोंगडी नेणारा तो पोरगा.

मायाप्पानं त्याला ओळखलं. याच पोराला आपण दुपारभर बसवून त्याचा बाप कसा पडला ते सांगितलं होतं, तोंडानं हलगी वाजवून. आता बाप जाब विचारायला आला, यात त्याला शंका राहिली नाही. त्यानं शेंगापोळीची परात आपल्याकडं ओढून घेतली.

वच्छलाला पाटावर बसवलं. बजाबाईनं तिला नाव विचारलं, भाकरी थापता येते का विचारलं, उठून चालायला लावलं. बाळासो जमिनीकडं बघत होता आणि जमिनीत फारसं बघण्यासारखं नव्हतं, म्हणून मध्येमध्ये वर बघत होता. पोरगी आत गेली. बजाबाईचा चेहरा प्रसन्न होता. मायाप्पाला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात धुळाप्पानं घसा खाकरला. “तुमच्याकडं समद्या पैलवानांची चित्रं हायती म्हनं. माजं हाय का?”

मायाप्पानं मान हलवली आणि शेंगापोळीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

“काय लिव्हलंय त्येच्यावर?”

शेंगापोळी टाळूला चिकटली होती. मायाप्पा डोळे वटारून चावत राहिला. शेवटी बाळासोच म्हणाला, “अजिंक्य लिव्हलंय, आबा. तुमाला म्हाईत हाय की.”

“व्हय. अजिंक्य.” धुळाप्पानं पान न रंगल्यासारखं तोंड केलं. “त्या जत्रंत तुमी लिंबावर हुता, पोरगं सांगत हुतं.”

आतून केराबाईच्या बांगड्या वाजल्या. मायाप्पानं दुसरा तुकडा उचलला.

“मग ऐका,” धुळाप्पा म्हणाला. “त्या दिशी मी पडलो. लोकांनी खांद्यावर घेतलं तवा वरनं वरडत हुतो, आरं, मी पडलोय, खाली सोडा मला. हलग्या असल्या वाजत हुत्या, कोन ऐकतंय? दुसऱ्या दिशी चावडीत जाऊन सांगितलं. तर म्हनले, बगा, एवडा मोटा पैलवान, पर गर्व म्हनून न्हाय. विडीवाला फोटू न्यायला आला, त्येलाबी सांगितलं. त्यो म्हनला, आसं बोलायला लई मोटं मन लागतंय. आन गेला अजिंक्य छापून. जेवडं खरं सांगावं तेवडा मी मोटा हुतोय. आता माजी मलाच शंका याय लागलीया, मी पडलो हुतो का सपान पडलं हुतं.”

“वीस वरसं ह्येच ऐकतीया मी,” बजाबाई म्हणाली.

“मग पोरगं एक दिस सांगत आलं, सोलापुरात एक घोंगडीवाला हाय, त्यो म्हनतो तुमी पडला. सबंद रात झोप न्हाय मला आनंदानं. पोराला पोरगी आवडली हुती, ती येगळी गोष्ट. म्या म्हटलं, आपुन त्या मानसाला भेटायचं.” धुळाप्पा पुढं सरकला. त्याच्या चपट्या कानांपर्यंत रक्त चढलं होतं. “आता सांगा पाव्हणं, तुमच्या तोंडानं. मी पडलो का न्हाय?”

 वीस वर्षं तो एका ऐकणाऱ्याच्या शोधात होता. तो ऐकणारा, आणि तोही खुद्द पडलेला, ओसरीवर येऊन हात जोडून विचारत होता आणि मायाप्पाच्या कपाळाला भंडारा होता. देव काय काय खेळ करतो. त्यानं दाराकडं बघितलं. फटीत केराबाईचा एक डोळा दिसत होता आणि त्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. तिनं तरी काय सांगावं? तुमच्यापासून खरं लपवायला मीच नवऱ्याला शपथ घातली, असं?

मायाप्पानं हातातला तुकडा तोंडात कोंबला. घामाच्या धारा लागल्या, पण शब्द काढला नाही.

 धुळाप्पाचे खांदे पडले. “समजलं. पोरीचा बाप पडला तुमी. गोड बोलनारी मानसं रग्गड बगितली, गोड गप बसनारा आज बगितला.” तो गुडघ्यावर हात देऊन उठला. “चला, बाळासो. ज्या घरात खऱ्याला तोंड न्हाय तितं सोयरिक नको.”

बाळासो अर्धवट उठला आणि तसाच राहिला. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. धुळाप्पा पायरी उतरून वहाणा शोधू लागला.

तेव्हा मायाप्पा पळाला. पुढं दुकानात गेला, पत्र्याचा डबा घेऊन आला आणि धुळाप्पाच्या पायांपुढं अंगणातच काळी घोंगडी अंथरून बसला. डबा उघडला. धुळाप्पाचं चित्र काढून घोंगडीवर ठेवलं. मग तो कोरा पुठ्ठा काढला आणि चित्राच्या वर, आडवा ठेवला.

धुळाप्पाच्या एका पायात वहाण होती. तो वाकून बघू लागला. “ह्यो कोन?”

मायाप्पानं वर बघितलं. 

“बिरप्पा?” धुळाप्पा हळू आवाजात म्हणाला.

मायाप्पानं मान इतकी जोरात हलवली, की टोपी पडली.

धुळाप्पानं पायातली वहाण काढली. “कसा पाडला त्येनं मला? कुटल्या बाजूनं? इतक्या बेगीनं झालं, की मलाच उमगलं न्हाय.”

आता हे पुठ्ठ्यावर कसं दाखवणार? मायाप्पानं दोन्ही चित्रं उलटीपालटी करून बघितली. जमेना. मग तो उभा राहिला. त्यानं धोतराचा काचा मारला, अंगणातली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि मांडीवर असा शड्डू ठोकला, की पत्र्यावरची कबुतरं उडाली. शड्डू म्हणजे शब्द नव्हे, एवढं बिरोबालाही मान्य असावं.

“आवं, वय काय, करताय काय,” बजाबाई म्हणाली. पण धुळाप्पाच्या डोळ्यांत वीस वर्षांपूर्वीचं काहीतरी पेटलं होतं. त्यानं पैरण काढून पोराच्या अंगावर टाकली.

दोघांची सलामी झाली. मायाप्पानं धुळाप्पाचा उजवा दंड मानेवरून ओढला, खाली वाकला, मांडीत हात घातला आणि उचलला. म्हणजे उचलायला गेला. माळशिरसचा ऊस आणि बजाबाईचं तूप जागचं हललं नाही. मायाप्पाचा चेहरा तांबडालाल झाला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

“थांबा,” धुळाप्पा त्याच्या कानाशी पुटपुटला, “मी टाच उचलतो.”

त्यानं टाच उचलली आणि सगळंच उचललं गेलं. अंगणात ज्वारीचं पोतं आपटावं तसा आवाज झाला. धुळाप्पाचे दोन्ही खांदे मातीला लागले. पण टाकण्याचा जोर आणि देहाचा भार, दोघं तसेच लोळले, आणि धूळ बसली तेव्हा धुळाप्पा वर होता आणि मायाप्पा खाली.

नेमक्या त्याच वेळी, आवाज ऐकून, कल्हईवाला दुकानातून अंगणात डोकावला. त्यानं जे दिसलं ते बघितलं.

“आरं, मायाप्पा पडला,” तो म्हणाला, आणि गल्लीला सांगायला माघारी वळला.

धुळाप्पा मायाप्पाच्या छातीवर बसल्या जागी थिजला. त्याचं तोंड उघडं पडलं. पुन्हा तेच झालं होतं. त्याच्या डोळ्यांत असं काही आलं, की हसत असलेला बाळासोही हसायचा थांबला. आणि मायाप्पा खाली गुदमरत होता, त्याला सगळं ठाऊक होतं, आणि बोलता येत नव्हतं.

दार धाडकन उघडलं. केराबाई डोक्यावर पदर न घेता अंगणात आली. व्याह्यांसमोर असं येऊ नये हे तिला त्या घडीला आठवलं नाही.

“कल्हईवालं, माघारी फिरा,” ती म्हणाली. “पाव्हणं आदी पडलं. दोनी खांदं लागलं मातीला. लोळून वर आलं ते मागनं. म्या बगितलं.”

 धुळाप्पा मायाप्पाच्या अंगावरून उतरला आणि मातीतच मांडी घालून बसला. दोन्ही हातांनी त्यानं तोंड पुसलं, तशी तोंडालाही माती लागली.

“परत एकदा म्हना, विहीणबाई.”

विहीणबाई हा शब्द ऐकून दाराआडच्या वच्छलानं मघा पडलेलं भांडं उचललं. केराबाईला आता पदराची आठवण झाली. तो डोक्यावर घेऊन ती खालच्या मानेनं, पण स्पष्ट म्हणाली, “तुमी पडला.”

“पडलो की,” धुळाप्पा म्हणाला. “आभाळ दिसलं हुतं मला त्या दिशी. आजबी दिसलं.” आणि तो रडू लागला, हसू लागला, दोन्ही एकदम. बजाबाईनं त्याची पाठ झाडायला हात पुढं केला, तर त्यानं तो अडवला. “ऱ्हाऊ दे ती.”

मग त्यानं घोंगडीवरचं आपलं चित्र उचललं. अंगणातली माती बोटांवर घेतली आणि चित्राच्या पाठीवर, ‘अंगात रग आणा’च्या वर, चांगली चोळली. मायाप्पानं ती चित्रं डाग पडू नये म्हणून कडुलिंबाच्या पाल्यात ठेवली होती, कुणाला ओल्या हातानं धरू दिली नव्हती.  पण त्यानं हात पुढं केला नाही. धुळाप्पानं चित्र परत दिलं आणि कोऱ्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. “लग्नाला ह्येला मी सोता जाऊन आनतो. हितं सोलापुरात फोटू काडू त्येचा, गदा घेऊन.” मग बायकोकडं वळला. “सुपारी काडा.”

पाहुणे दिवेलागणीला गेले. बाळासो उंबऱ्यावर दोनदा ठेचकाळला. धुळाप्पाचं दुसरं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं आणि मायाप्पाची शपथ सुटली. अख्खी दुपार तोंडात कोंडलेलं सगळं आता एकदम बाहेर येणार होतं. कुणाला सांगावं म्हणून तो वळला, तर परसात केराबाई गडग्यावरून शेजारच्या रत्नम्माला कुस्ती सांगत होती. पदर खोचलेला, दोन्ही हात हवेत.

“आसा दंड धरला बगा. आसा वाकला. आन आसा घातला धोबीपछाड, की पाव्हणं पालथं आभाळात.”

धोबीपछाड नव्हे, कलाजंग. आणि आभाळात कुणी पालथं जात नाही. मायाप्पाच्या जिभेला खाज सुटली, तो तोंड उघडून दोन पावलं पुढं गेला. केराबाई त्याच्याकडं पाठ करून हातानं खांदे दाखवत होती, दोन्ही, नीट.

मायाप्पानं तोंड मिटलं आणि ओसरीच्या पायरीवर बसून ती सगळी कुस्ती शेवटपर्यंत ऐकली.